मापाखालचा दिवा: फादर आन्योश येद्लिक यांचें अल्पचरित्र

सायंकाळीं देवळांतील बटण दाबलें कीं वेदीजवळचे दिवे लागतात, डोक्यावरील पंखे फिरूं लागतात आणि आपण निश्चिंतपणें पवित्र माळेच्या प्रार्थनेस आरंभ करतों. ही वीज कशी निर्माण होते व चाक फिरविण्याच्या कामास ती प्रथम कोणीं जुंपली, हा विचार त्या वेळीं सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु, वाचकहो, विजेनें चाक फिरवावें आणि फिरत्या चाकापासून पुन्हां वीज काढावी, या दोन्ही गोष्टी ज्या थोड्या पुरुषांनीं फार लवकर स्वहस्तें सिद्ध केल्या, त्यांत एक कॅथलिक धर्मगुरु होते, हें आपणांपैकीं किती जणांस ठाऊक आहे? त्यांचें नांव फादर आन्योश येद्लिक. हंगेरी देशांत हें नांव आदरानें घेतलें जातें. त्या देशाच्या सीमेबाहेर मात्र तें क्वचितच ऐकूं येतें. आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत त्यांचें चरित्र थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे. तें येथें कां सांगावें, याचें उत्तर वाचकांस शेवटीं मिळेल.

११ जानेवारी १८०० रोजीं सीमो नांवाच्या लहानशा खेड्यांत एका शेतकरी कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. त्या काळीं हें खेडें हंगेरीच्या राज्यांत मोडत असे. आज तें स्लोव्हाकिया देशांत असून झेम्ने या नांवानें ओळखलें जातें. वडिलांचें नांव फेरेन्त्स व आईचें रोझालिया. मुलाचें बाप्तिस्म्याचें नांव इश्त्वान, म्हणजेच स्तेफन, असें ठेविलें होतें. हंगेरीच्या ज्या संत राजानें आपल्या प्रजेस ख्रिस्ताच्या कळपांत आणिलें, त्याचेंच हें नांव. त्याच सालीं जवळच्या आंदोद गांवीं गेर्गेय त्सुत्सोर हा त्यांचा एक नातलग भाऊ जन्मला. हा पुढें नामांकित कवि व भाषापंडित झाला. या दोघां भावांच्या वाटा आयुष्यांत वेगळ्या झाल्या तरी त्यांचा उगम एकच होता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

नॉज्‌सोंबत व पोझोन्य या नगरांत, म्हणजे आजच्या त्र्नावा व ब्रातिस्लाव्हा येथें, इश्त्वानचें शालेय शिक्षण झालें. १८१७ सालीं दोघेही भाऊ पन्नोनहाल्मा येथील संत बेनेडिक्टच्या मठांत दाखल झाले. तेथें इश्त्वाननें आन्योश हें संन्यस्त नांव धारण केलें. ऑर्लेआं नगराचे पांचव्या शतकांतील बिशप संत अनियानुस यांचें हें हंगेरियन नांव होय.

या मठाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. इ. स. ९९६ सालीं स्थापन झालेला हा मठ हंगेरींतील ख्रिस्ती धर्माच्या बाल्यावस्थेचा साक्षी होय. परंतु १७८६ सालीं सम्राट् दुसरा जोसेफ यानें, ज्या मठांचा लोकांस प्रत्यक्ष उपयोग नाहीं असे त्याला वाटे ते बंद करण्याचा सपाटा लावला असतां, पन्नोनहाल्माचेही दार लाविलें. पुढें १८०२ सालीं सम्राट् फ्रान्सिस यानें तें पुन्हां उघडलें, तें बेनेडिक्टच्या पुत्रांनीं शाळांतून मुलांस शिकवावें या जबाबदारीसह. अशा प्रकारें येद्लिक मठांत आले तेव्हां त्या मठाच्या भिंतींत प्रार्थनेइतकेंच अध्यापनही मुरूं लागलें होतें. ते जन्मभर शिक्षक राहिले, आणि त्यांचे सर्व शोध शिक्षकाच्या मेजावरच जन्मास आले, याचें मूळ येथें आहे.

१८२२ सालीं त्यांस पेस्तच्या विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळाली व १८२५ सालीं त्यांनीं याजकदीक्षा घेतली. त्यानंतर ग्यॉर या नगरांतील आपल्या पंथाच्या विद्यालयांत ते पदार्थविज्ञान शिकवूं लागले. पहिल्याच वर्षांत त्यांनीं जें एक यंत्र तयार केलें, तें पाहून कोणाही वाचकास कौतुक वाटेल. पाण्यांत कर्बवायु दाबानें भरून सोडावॉटर तयार करण्याचें तें यंत्र होतें. असें पाणी त्यापूर्वींही युरोपांत होत असे. परंतु येद्लिक यांनीं तें सुलभ रीतीनें करण्याची युक्ति १८२६ च्या सुमारास काढली व १८२९ सालीं व्हिएन्नाच्या एका शास्त्रीय नियतकालिकांत ती प्रसिद्धही केली. आज हंगेरींत घरोघर द्राक्षारसांत सोडावॉटर मिसळून पितात, आणि त्या पेयाच्या संबंधानें या साध्या मठवासी धर्मगुरूची आठवण लोक प्रेमानें काढतात. त्यांच्या मोठ्या शोधांपेक्षां हा छोटा शोधच जनसामान्यांच्या तोंडीं अधिक राहिला.

आतां त्यांच्या मुख्य कार्याकडे वळूं. १८२० सालीं डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांस आढळून आलें कीं तारेंतून वीज वाहूं लागली म्हणजे जवळची होकायंत्राची सुई हलते. १८२१ सालीं लंडन येथें मायकेल फॅरडे यांनीं विजेच्या योगानें एक तार पाऱ्यांत सतत फिरत ठेवून दाखविली. १८२५ सालीं इंग्लंडांतच स्टर्जन यांनीं लोखंडाभोंवतीं तार गुंडाळून विजेचा चुंबक तयार केला. सारा युरोप या नव्या विद्येनें भारून गेला होता. अशा वेळीं, राजधानीपासून दूर असलेल्या ग्यॉरच्या शाळेंत सत्तावीस वर्षांचा हा तरुण धर्मगुरु आपल्या परीनें प्रयोग करूं लागला.

त्यांची कल्पना अशी होती. तारेचें एक वेटोळें स्थिर बसवावें. त्याच्या पोटांत लोखंडाच्या दांड्यावर तार गुंडाळून केलेला चुंबक असा टेकवावा कीं तो सहज फिरूं शकेल. दोहोंतून वीज सोडली म्हणजे आंतील चुंबक वळतो आणि एका ठराविक दिशेस स्थिर होऊं पाहतो. परंतु तो तेथें पोहोंचतो न पोहोंचतो तोंच प्रवाहाची दिशा उलटली, तर जें टोंक आंत खेंचलें जात होतें तेंच दूर ढकललें जाईल, आणि चुंबकास पुढें फिरणें भाग पडेल. ही दिशा उलटविण्यासाठीं त्यांनीं दोन भागांत विभागलेल्या एका लहान भांड्यांत पारा भरला. फिरत्या चुंबकाच्या तारांचीं टोंकें त्या पाऱ्यांतून फिरत, आणि प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला एका भागांतून निघून दुसऱ्या भागांत शिरत. झालें! चुंबक थांबेना, तो गरगर फिरतच राहिला. स्थिर भाग, फिरता भाग आणि प्रवाह उलटविणारा भाग, हीं विजेच्या मोटरीचीं तिन्ही अंगें या मेजावरच्या खेळण्यांत एकत्र आलीं होतीं. आणि कायमच्या लोहचुंबकाची मदत न घेतां सारें काम विजेच्या चुंबकांनींच होत होतें.

हें त्यांनीं १८२७ ते १८२८ च्या सुमारास केलें. परंतु तें त्यांनीं कोठेंही छापून प्रसिद्ध केलें नाहीं. विद्यार्थ्यांना दाखविलें, समजावून दिलें आणि यंत्र कपाटांत ठेवून दिलें. पुढें १८३४ सालीं जेकोबी यांनीं आपली मोटर तयार केली आणि १८३८ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें नेव्हा नदींत तिच्या बळावर नाव चालविली. १८३७ सालीं अमेरिकेंत डेव्हनपोर्ट यांनीं आपल्या मोटरीचा हक्क नोंदविला. जगाच्या इतिहासांत हीं नांवें लिहिलीं गेलीं. येद्लिक यांच्या शोधाचा काळ आपणांस कळतो तो मुख्यतः त्यांनीं स्वतः उतारवयांत पत्रांतून केलेल्या निवेदनावरून. आपण हें करीत होतों त्या वेळीं असें कांहीं आपल्या वाचनांत आलें नव्हतें, इतकेंच त्यांनीं साधेपणानें सांगितलें. कोणावर आरोप केला नाहीं कीं कसली मागणी केली नाहीं.

१८३१ सालीं ते पोझोन्यच्या विद्यालयांत गेले आणि १८४० सालीं पेस्तच्या विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्या आसनावर ते अडतीस वर्षें बसले. त्या काळीं हंगेरींत उच्च शिक्षण लॅटिन भाषेंतून दिलें जात असे. १८४४ सालीं हंगेरियन ही राज्याची अधिकृत भाषा ठरली. आणि ज्या भाषेंत तोंवर विजेस, दाबास, वेगास धड शब्द नव्हते, त्या आपल्या मायबोलींत शास्त्र शिकविण्याचा भार येद्लिक यांनीं उचलला. त्यांनीं नवे शब्द घडविले. १८५० सालीं आपल्या पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाचा पहिला भाग हंगेरियन भाषेंत प्रसिद्ध केला. आणि १८५८ सालीं निघालेल्या शास्त्रीय परिभाषेच्या कोशास हातभार लाविला. त्याच सालीं हंगेरियन विद्वत्सभेनें त्यांस सभासद करून घेतलें. त्यांचा भाऊ त्सुत्सोर यानेंही हंगेरियन भाषेचा मोठा कोश रचण्यांत आयुष्य वेंचलें. १८४८ च्या स्वातंत्र्याच्या चळवळींत एका कवितेपायीं त्याला पुढें बेड्या पडल्या व तुरुंगवास घडला. एक भाऊ शब्दांनीं पेटविणारा, दुसरा विजेच्या ठिणग्यांत रमणारा. पण दोघांची सेवा एकाच भाषेच्या मंदिरांत रुजूं झाली.

पेस्त येथें असतांना त्यांचे हात कधीं रिकामे राहिले नाहींत. प्रकाशाचे रंग वेगळे करण्यासाठीं कांचेवर अत्यंत बारीक व समान अंतराच्या रेषा ओढाव्या लागतात. त्या ओढणारें यंत्र त्यांनीं वर्षानुवर्षें सुधारलें. वीज पुरविणाऱ्या बुन्सेनच्या घटांतील मातीचा पडदा काढून त्या जागीं विशेष प्रक्रिया केलेला कागद त्यांनीं घातला. विद्यापीठानें १८६३ सालीं त्यांस कुलगुरूचा मान दिला. पण या सर्वांपेक्षां मोठी गोष्ट त्याच्या दोन वर्षें आधीं घडून गेली होती, आणि तिचा कोठें गाजावाजाही झाला नव्हता.

तोंवर यंत्रानें वीज काढावयाची तर पोलादाचा कायमचा चुंबक लागे, किंवा विजेचा चुंबक वापरल्यास त्याला वीज पुरविण्यासाठीं वेगळे घट लागत. त्यामुळें मिळणारी वीज महाग व मर्यादित असे. येद्लिक यांच्या ध्यानांत आलें कीं लोखंडांत एकदां चुंबकत्व येऊन गेलें म्हणजे त्याचा अल्पसा अंश मागें राहतोच. यंत्र फिरविलें कीं त्या अल्प अंशामुळेंही तारेंत क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. हा क्षीण प्रवाह बाहेर न नेतां त्याच चुंबकाच्या वेटोळ्यांतून फिरविला, तर चुंबक थोडा बलवान होतो. बलवान चुंबकानें अधिक वीज निघते. ती पुन्हां चुंबकास अधिक बळ देते. आणि असें होतां होतां, बाहेरून कसलीही वीज न घेतां यंत्र आपल्याच बळावर भरास येतें. मोठमोठे डायनामो चालूं शकले ते याच तत्त्वावर. येद्लिक यांचें हें यंत्र १८६१ सालीं विद्यापीठाच्या साहित्याच्या यादींत नोंदलें गेलें, आणि तें कसें वापरावें याची जी सूचना त्यांनीं लिहून ठेविली तींत हें तत्त्व स्पष्ट आहे. ती सूचना यंत्र हाताळणारासाठीं होती, जगासाठीं नव्हती.

१८६७ च्या जानेवारींत बर्लिनच्या विद्वत्सभेपुढें वेर्नेर सीमेन्स यांचा याच तत्त्वावरील निबंध मांडला गेला, आणि पुढच्याच महिन्यांत लंडन येथें व्हीटस्टन यांनीं तेंच तत्त्व जाहीर केलें. येद्लिक यांच्या यंत्राची यादींत नोंद होऊन तेव्हां सहा वर्षें लोटलीं होतीं. सीमेन्स यांनीं कोणाचें कांहीं चोरलें असें मुळींच नाहीं. पेस्तच्या कपाटांत काय आहे, हें त्यांस कळण्याचा मार्गच नव्हता. शिवाय आपल्या शोधापासून कारखाने उभे करून त्यांनीं तो लोकांच्या उपयोगास आणिला, याचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे.

१८७३ सालीं व्हिएन्ना नगरींत मोठें जागतिक प्रदर्शन भरलें. त्र्याहत्तर वर्षांच्या येद्लिक यांनीं तेथें आणखी एक यंत्र मांडलें. वीज सांठविणाऱ्या पुष्कळ नळ्या प्रथम शेजारीं शेजारीं जोडून भरावयाच्या आणि मग एकीस दुसरी अशी सांखळी करून एकदम मोकळ्या करावयाच्या, ही त्यांतील युक्ति. सर्व नळ्यांचा जोर एकत्र होऊन सुमारें ९० सेंटिमीटर लांबीची ठिणगी कडाडत असे. अंगणांत उतरलेली जणूं लहानशी विद्युल्लताच! परीक्षक मंडळानें या यंत्रास पदक दिलें. आणि योगायोग असा कीं त्या मंडळाचे अध्यक्ष होते वेर्नेर सीमेन्स. डायनामोच्या तत्त्वामुळें ज्यांची कीर्ति दिगंतीं पसरली होती, ते गृहस्थ, आणि तेंच तत्त्व सहा वर्षें आधीं लिहून ठेवणारे वृद्ध धर्मगुरु, एका प्रदर्शनांत होते. परंतु त्या तत्त्वाविषयीं आपला हक्क सांगण्यास येद्लिक तेथेंही पुढें सरसावले नाहींत.

येथें मला थांबून एक प्रश्न विचारावासा वाटतो. ही नम्रता होती, कीं हा दोष होता? सेमिनरींत असतांना आम्हांस संतांच्या नम्रतेचे धडे मिळाले, आणि कोणीं स्वतःची स्तुति टाळली कीं ती गोष्ट आम्ही सरळ पुण्याच्या खात्यावर मांडीत असूं. आतां वयाची पन्नाशी ओलांडल्यावर तें मला तितकें सोपें वाटत नाहीं. प्रभु येशूनें दिवा लावून मापाखालीं ठेवूं नये असें शिकविलें आहे. आणि मिळालेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दृष्टांतही आपण दर वर्षीं ऐकतों. येद्लिक यांची मोटर व त्यांचा डायनामो यांचा जगास कांहीं उपयोग झाला नाहीं, हें कडू असलें तरी सत्य आहे. जो शोध कोणास कळला नाहीं त्यावर दुसऱ्या कोणास पुढची पायरी बांधतां आली नाहीं. हें जें नुकसान झालें तें येद्लिक यांच्या कीर्तीचें नव्हे. त्यांच्या शेजाऱ्याचें झालें.

तथापि दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्यांनीं द्रव्य जमिनींत पुरलें नाहीं. तें पन्नासांहून अधिक वर्षें रोज विद्यार्थ्यांत वांटलें. त्यांचें यंत्र हें त्यांच्या दृष्टीनें शिकविण्याचें साधन होतें. वर्गांतील मुलास निसर्गाचा नियम डोळ्यांनीं दिसला कीं त्यांचें काम पुरें होई. सोडावॉटरची युक्ति त्यांनीं वेळींच प्रसिद्ध केली, यावरून गुप्तता हा त्यांचा स्वभाव नव्हता हें उघड आहे. मला वाटतें, आपल्या हातून घडलें तें मोठें आहे हें त्यांस स्वतःसच कधीं पुरतें उमगलें नाहीं. आणि तें सांगणारा मित्र त्यांच्या शेजारीं कोणी नव्हता. मनुष्यानें स्वतःची थोरवी गाऊं नये हें खरें. पण म्हणूनच त्याच्या भोंवतालच्या माणसांनीं ती ओळखावी, हें त्यांचें कर्तव्य ठरतें. दिवा मापाखालीं राहिला, त्याचा दोष एकट्या दिव्याचा नसतो. घरांत इतर माणसेंही असतात.

१८७८ सालीं, वयाचीं अठ्ठ्याहत्तर वर्षें पुरीं झाल्यावर, त्यांनीं विद्यापीठाचा निरोप घेतला. त्यांच्या आसनावर लोरांद ओत्वोश हे थोर शास्त्रज्ञ आले. येद्लिक ग्यॉर येथील आपल्या पंथाच्या मठांत परतले. जेथें तरुणपणीं पहिला चुंबक फिरविला, त्याच नगरांत त्यांनीं आयुष्याचीं अखेरचीं सतरा वर्षें काढलीं. तेथेंही त्यांचे प्रयोग सुटले नव्हते. १३ डिसेंबर १८९५ रोजीं, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला. तो दिवस संत लुसीचा. जिच्या नांवांतच प्रकाश आहे आणि दृष्टीसाठीं भाविक जिचा धांवा करतात, त्या कुमारी हुतात्म्याच्या सणाच्या दिवशीं प्रभूनें आपल्या या सेवकास बोलाविलें.

मरणानंतर मात्र शेजारी जागे झाले. १८९७ सालीं ओत्वोश यांनीं विद्वत्सभेपुढें त्यांच्या कार्याचें स्मरण केलें व त्यांच्या शोधांचें मोल विद्वानांस सांगितलें. पुढें १९३० नंतरच्या दशकांत त्यांच्याच पंथाचे एक धर्मबंधु व्हिक्टर फेरेन्त्सी यांनीं मागें राहिलेलीं कागदपत्रें चाळून त्यांचें विस्तृत चरित्र लिहिलें. त्यांच्या हस्तलिखितांतील एकेक ओळ कोणीं तरी जपून ठेविली, आणि कोणीं तरी धीरानें वाचली, म्हणून आज आपण हें सर्व जाणतों. हंगेरींत शाळांस त्यांचें नांव आहे, आणि त्यांचीं यंत्रें जतन करून ठेविलीं आहेत.

प्रिय बांधवांनो, या स्मरणिकेसाठीं आपल्या धर्मग्रामाचीं जुनीं दप्तरें मी गेले कित्येक महिने चाळीत होतों. देणगीदारांचीं नांवें सांपडलीं. कोनशिला कोणीं बसविली तेंही सांपडलें. परंतु डोक्यावरून दगड वाहणाऱ्या स्त्रिया, सुटीच्या दिवशीं फुकट राबलेले गवंडी व सुतार, संध्याकाळीं ओसरीवर मुलांस प्रार्थना शिकविणाऱ्या आज्या, आजाऱ्याच्या उशाशीं रात्र काढणारे तरुण, यांचीं नांवें दप्तरांत नाहींत. त्यांनीं तीं कधीं सांगितलीं नाहींत, आणि आम्हीं कधीं विचारलीं नाहींत. त्यांतील कांहीं वृद्ध अजून आपल्यांत आहेत. या महोत्सवी वर्षांत प्रत्येक कुटुंबानें आपल्या घरांतील म्हाताऱ्यांजवळ बसून त्यांस विचारावें, आणि जें ऐकाल तें लिहून देवळाच्या कचेरींत आणून द्यावें, एवढीच माझी विनंति आहे. त्यासाठीं एक कोरी वही मीं ठेविली आहे. ज्यांची गोष्ट लिहिली जाईल त्यांची नम्रता यानें भंगणार नाहीं; आपलें ऋण मात्र थोडें फिटेल.

फादर आन्योश येद्लिक यांस, आणि आपल्या धर्मग्रामाच्या त्या सर्व अनामिक सेवकांस, प्रभु आपल्या अक्षय प्रकाशांत चिरविश्रांति देवो.